कूलरसोबत चपला

"घरात चपला घाला म्हणते कंपनी! देवापुढून चपला घालून चालू का मी?" काउंटरपाशी एक बाई सोबतिणीच्या कानात कुरकुरली. अनुसयानं ते ऐकलं आणि बिलबुकात डोकं खुपसलं.

नागपूरच्या सदरमधल्या गोपाळरावांच्या दुकानातून ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात विकले गेलेले कूलर करंट मारत होते. पंपाची वायर आतल्या आत उघडी पडायची. बिलं लिहिणाऱ्या अनुसयानं चैत्रापासून सतरा तक्रारी कंपनीला कळवल्या. कंपनीनं कूलर परत नेले नाहीत. दर कूलरमागे रबरी चपलांचा एक जोड पाठवला, कूलरला हात लावताना घालायला. सगळे आठ नंबरचे. जणू नागपुरातल्या साऱ्या बायकांचे पाय एकाच साच्यातून काढलेले!

जरीपटक्याच्या नत्थूजींपर्यंत चपला पोचल्याच नाहीत. पोचल्या असत्या तरी स्वतःच्या घरात कोण चपला घालून फिरतं? कूलरमध्ये पाणी टाकताना ते चिकटले, ते गेलेच. गोपाळराव तेरवीला जाऊन जेवूनही आले होते.

आज नत्थूजींची बायको, रुख्माबाई, दुकानात बसली होती. समोर कंपनीचे वामनराव, शाईचं पॅड उघडून.

"कंपनीला फार वाईट वाटलं, ताई. जुना कूलर द्या, नवा घेऊन जा. फक्त इथे अंगठा."

नवरा गेला, बदल्यात कूलर. अनुसयानं बिलबुक मिटलं.

"काय लिवलं हाये याच्यात?" रुख्माबाईनं कागद अनुसयापुढे धरला. "तू वाच वं बाई."

गोपाळराव खाकरले. "अनुसयाबाई, पहिले चहा सांगा न."

अनुसया उठली नाही. तिनं वाचलं, "मयताने सूचना न पाळता अनवाणी पायांनी कूलर हाताळला. कूलर निर्दोष होता."

रुख्माबाई कागदाकडे बघत म्हणाली, "म्हणजे माह्यीच चूक वं. ते जेवून राहिले होते. मीच ताटावरून उठवलं त्यायले, पाणी टाका म्हणून. तेव्हापासून घास नाही उतरत मले."

वामनरावांनी हळूच पॅड पुढे सरकवलं. गोपाळराव छताच्या पंख्याकडे बघू लागले. रुख्माबाईनं खरंच अंगठा शाईत बुडवला.

अनुसयानं तिचं मनगट धरलं.

"तुमची चूक नाही, रुख्माबाई. त्यायचीही नाही. कूलरच खराब होता. आम्हाले चैतापासून मालूम होतं."