माझ्यावरचा बंद पडलेला कोड

मित्रांनो, मी दापोरा गावच्या वैजयंतीचे पासबुक. माझे कव्हर कधीकाळी निळे होते. आता कडा पांढऱ्या पडल्या आहेत आणि मधली पाने शिवणीतून सुटली आहेत.

बुरहानपूरच्या एका बँकेत माझा जन्म झाला. वैजयंती शाळेत मुलांचे जेवण बनवते. त्या मानधनासाठी तिने खाते उघडले आणि मी तिच्या हाती आले. घरी नेऊन तिने मला हळदकुंकू लावले. माझ्या पहिल्या पानावर तिचे नाव होते, खाते क्रमांक होता आणि अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड. त्या कोडचे काम काय, हे तिला ठाऊक नव्हते. मला मात्र त्याचा फार अभिमान होता. पैसे कुठूनही निघोत, आमच्या शाखेचे दार त्यांना तोच दाखवत असे.

पुढे मोबाईलवर मेसेज येऊ लागले आणि मी ट्रंकेत साड्यांखाली पडून राहिले. त्याच काळात आमची बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली. नवे पासबुक घेऊन जा, असे कळवले होते, पण इंग्रजीत. कोणीतरी वाचून दाखवल्यावर वैजयंती एकदा गेलीही. रांग दाराबाहेर आली होती आणि तिला शाळेत खिचडी चढवायची होती. ती परत फिरली.

मग मागच्या मार्चमधला तो शुक्रवार आला. तिचा नवरा निंबा केळीचे घड ट्रॉलीत भरत होता. ट्रॉली बांधावरून कलंडली आणि त्याचा उजवा पाय खाली सापडला. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी तुटली आहे, उशीर करू नका. काउंटरवर मात्र आधी चाळीस हजार भरा म्हणाले. वैजयंतीने सुरतेला भावाला, ललितला, फोन लावला. त्याने मालकाकडून उचल घेतली. माझ्या पहिल्या पानाचा जुना फोटो त्याच्याकडे होताच. बारा वाजता त्याने पैसे पाठवले. ते आले नाहीत. परत त्याच्या खात्यात पडायला तास लागला. त्याने पुन्हा पाठवले, पुन्हा तेच झाले.

"ताई, पैसे वापस येऊन राहिले," तो म्हणाला. "कोड गलत आहे म्हणते."

"छापलेलं गलत कसं राहील, भाऊ?"

निघताना तिने मला ट्रंकेतून ओढून पिशवीत टाकले होते. आता तिने मला उघडले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून त्याला वाचून दाखवले. सगळे जुळत होते. छापलेले खरेच असते, असे तिला वाटत होते. मलाही तसेच वाटत होते.

निंबाजवळ सोबत आलेल्या शेजारच्या मालूबाईला बसवून ती बँकेकडे धावली. शटर अर्धे खाली आले होते. उद्या दुसरा शनिवार, सोमवारी या, असे गार्डने सांगितले. ती वाकून शटरखालून आत शिरली. बँकेतल्या वंदना मॅडम टेबल आवरत होत्या. वैजयंतीने मला त्यांच्यासमोर ठेवले.

"हे खरं आहे का खोटं, एवढंच सांगा."

मॅडमनी मला पाहिले आणि खुर्ची पुढे सरकवली. "खातं खरं आहे, नंबर खरा आहे. कोड बंद झाला आहे, बाई. पहिली चार अक्षरं बँकेची, मग एक शून्य, शेवटची सहा शाखेची. बँकच बदलली, तर जुना पत्ता कसा चालेल?"

त्यांनी पेनाने माझा कोड खोडला. वर नवा लिहिला. फोन घेऊन ललितला हळूहळू सांगितला आणि पाचवे शून्य आहे, इंग्रजी ओ टाकू नका, असे दोनदा बजावले. आधी फक्त एक रुपया पाठवायला लावला.

फोन वाजला. एक रुपया जमा झाला होता. वैजयंती तिथेच फरशीवर बसली. पाठोपाठ बाकीचे पैसे आले, आणि मॅडमनी बंद झालेली कॅशची खिडकी पुन्हा उघडायला लावून ते तिच्या हाती दिले.

ऑपरेशन पाच वाजता सुरू झाले. निंबा वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जरा आधी झाले असते तर पाय वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निंबाने डोळे उघडले. मी उशाजवळच्या पिशवीत होते. तो म्हणाला, "पंज्याला खाज येऊन राहिली. जरा खाजव." त्याला अजून कोणी सांगितले नव्हते. ती उठली, पायथ्याशी गेली आणि जिथे पंजा असायचा, तिथली चादर हळूहळू खाजवू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरातले पासबुक आज बाहेर काढा. शाखेत जाऊन विचारा, यावरचा कोड अजून चालतो का. रांग असली तर थांबा. माझ्यावर जे छापले, ते मला स्वतःला पुसता येत नाही. तेवढ्यासाठी तुम्हालाच यावे लागते, आणि वेळेत यावे लागते.