साडेबारापर्यंत

त्या महिन्यात वहिनीनं फोडलेलं हे तिसरं घड्याळ. पहिलं भिंतीवर आपटलं, दुसरं जिन्यावरून खाली भिरकावलं. तिसरं मात्र तिनं नीट ओट्यावर मांडलं आणि हातोडी घेऊन त्याचा चेंदामेंदा केला. पहाटेचे सव्वातीन दाखवायची त्याची हिंमत झालीच कशी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आवाजानं नवरा जागा झाला. "काय झालं गं?"

"घड्याळ मेलं. झोपा तुम्ही."

आणि तो खरंच झोपला. उशीला डोकं टेकलं की माणूस ढाराढूर. एकदा तर ती दुसरी उशी दोन्ही हातांत धरून त्याच्या उशाशी चांगली पाच मिनिटं उभी होती. दाबायची की नाही, याचा तिनं अगदी शांतपणे विचार केला. तेवढ्यात तो कुशीवर वळला आणि म्हणाला, "दिवा घालव." तिनं दिवा घालवला. त्या रात्री तिला स्वतःची भीती वाटली, पण झोप काही आली नाही.

दीड वर्षापूर्वी तिचा डावा स्तन काढला होता, बगलेतल्या गाठींसकट. पुढं केमो सुरू झाला. त्या औषधांच्या दिवसांत डोळ्याला डोळा लागायचा नाही, तेव्हा सगळे म्हणाले, औषधं संपली की येईल झोप. औषधं संपली. मग म्हणाले, रेडिएशन होऊ दे. तेही झालं. आता रोजची एक गोळी तेवढी उरली होती, आणि त्या गोळीपायी रात्री अंगातून अशा वाफा निघायच्या की गाउन पिळून काढावा. त्यात छातीच्या टाक्यांशी जरा काही टोचलं की ती अंधारात तासभर चाचपत बसायची. लोक म्हणायचे, "आजार गेला ना? मग आता कसली चिंता?" हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुणी गरम दूध सुचवलं, कुणी आकडे मोजायला सांगितलं. दूध तिनं बादलीनं प्यायलं आणि आकडे मोजता मोजता उजाडलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीचे फुकट फुंकर घालतात.

बाइंडिंगच्या कारखान्यात ती कागद कापायच्या मशीनवर होती. तिथं सगळेच तिला वहिनी म्हणायचे, कारण धाकटी म्हणायची. धाकटी म्हणजे तिची नणंद. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी भावाकडं राहायला आलेली, जिभेनं तिखट, हातानं झपाट्याची. ती कागदाची थप्पी ठोकून सारखी करून मशीनवर सरकवायची, वहिनी कापायची. मशीनला दोन बटणं होती, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पातं खाली यायचं नाही. कापणाऱ्याचे दोन्ही हात बटणांवर राहिले म्हणजे पात्याखाली जायला हातच उरत नाही, अशी ती सोय.

पण ऑपरेशननंतर वहिनीचा डावा हात सुजायचा. दुपारपर्यंत त्याचा नुसता ओंडका व्हायचा, आणि डावं बटण तर दगडासारखं घट्ट. मालक म्हणाला होता, "बाई, टेबलावर बसून पानं मोजा की." पानं मोजायची? अकरा वर्षं ते मशीन तिचं होतं. आजारानं शरीराचा तुकडा नेला तो नेला, मशीनही जाऊ द्यायचं? मग धाकटीनंच पुठ्ठ्याची एक पाचर करून दिली. डाव्या बटणाच्या फटीत ती ठोकली की बटण दबलेलंच राहायचं आणि उजव्या हातानं काम भागायचं. दोघींशिवाय कुणाला पत्ता नव्हता. त्याला तोड म्हणून त्यांनी एक रीत ठरवली. थप्पीला हात लावायच्या आधी धाकटीनं ओरडायचं, "हात!" वहिनीनं "हं" म्हणून बटणावरचा हात उचलायचा. मगच धाकटीनं पात्याखाली हात घालायचा.

शेवटी वहिनी झोपेच्या दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सनं एका कागदावर नियम लिहून दिले. रात्री साडेबाराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही. साडेपाचला उठायचंच. मधे जाग आली आणि झोप येईना तर खुर्चीत येऊन बसायचं. दिवसा डुलकी बंद.

"मी झोप मागायला आले आणि तुम्ही जागं राहायला सांगताय?" वहिनी म्हणाली.

"आधी भूक लागू दे झोपेची. आणि ऐका, पहिले काही आठवडे जास्त पेंग येईल. तेवढे दिवस मशीनला हात लावायचा नाही. तसं आत्ताही लावू नयेच."

घरी येऊन वहिनीनं त्या कागदाचे आठ तुकडे केले. मशीन सोडायचं म्हणे! तुकडे तिनं कचऱ्यात टाकले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली.

चौथ्या दिवशी, जेवणानंतरची वेळ. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा मोठा गठ्ठा होता. मशीन एका सुरात घुमत होतं. वहिनीचे डोळे उघडे होते, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. उघड्या डोळ्यांनी ती क्षणभर तिथं नव्हतीच. थप्पीचा एक कोपरा बाहेर आलेला धाकटीला दिसला.

"हात!"

"हं," वहिनी म्हणाली. झोपेत माणूस म्हणतो तसं. हात बटणावरून उचलला गेला नाही, उलट सैल पडून बटणावरच टेकला.

पात्यानं पाचशे पानं कापली आणि धाकटीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकंही. आवाज रोजच्यासारखाच आला. रक्त मात्र पार पलीकडच्या गठ्ठ्यापर्यंत उडालं. धाकटी किंचाळली नाही. तिनं आधी एक सणसणीत शिवी हासडली, मग डाव्या हातानं वहिनीच्या अशी मुस्काटात मारली की वहिनी मागच्या कपाटावर आदळली, आणि तिथं तिला जाग आली. तोवर धाकटीनं बटणातली पाचर उपसून ओढणीत खोचली होती. रक्ताची धार लागली असताना तिला एवढं सुचलं. मालक धावत आला तेव्हा डावं बटण मोकळं होतं.

बोटं काही जोडली गेली नाहीत. संध्याकाळी वहिनी मालकाकडं गेली आणि म्हणाली, "पाचर मी लावली होती. मी झोपले." मशीन त्याच क्षणी गेलं. कामावर ठेवली, तेही पानं मोजायला.

हे कळलं तेव्हा धाकटी दवाखान्याच्या खाटेवरून गरजली, "मी लपवली ती झक मारायला? बोटंही गेली आणि मशीनही गेलं! एक तरी वाचवायचं होतंस!"

तीन दिवस ती वहिनीशी बोलली नाही. चौथ्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला वहिनी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती. गालावर फाडकन बसली.

"उठ."

धाकटी समोर उभी होती. एका हाताला बँडेजचा बोळा, दुसऱ्या हातात नर्सचा कागद. आठही तुकडे मागून पट्टी लावून खळीनं चिकटवलेले, इतके साफ की शिवण दिसू नये. कचऱ्यातून कधी उचलले होते कोण जाणे.

"आजपासून हे चालू. साडेबारापर्यंत डोळा मिटलास तर थोबाडीन."

"तुला सूड घ्यायचाय माझ्यावर."

"घ्यायचाय," धाकटी म्हणाली. "मग?"

आणि तिनं घेतला. पहिल्या आठवड्यात वहिनीच्या दंडावर चिमट्यांचे काळेनिळे डाग पडले. उजव्याच दंडावर, डाव्या हाताला धाकटीनं कधी बोट लावलं नाही. दहा वाजता पापणी जड झाली की तोंडावर गार पाण्याचा तांब्या. अकराला जिना चढ-उतार. एकदा वहिनीनं तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तर धाकटीनं तिचे केस धरून तिला मोरीपर्यंत ओढत नेलं आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लावली. केमोनंतर नव्यानं उगवलेले केस, बोटभर लांबीचे. "धरता येतात आता," धाकटी म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं. रडूही त्याच्या मागोमाग आलं.

"तुम्ही दोघी एकमेकींचा जीव घ्याल एक दिवस," नवरा दारातून म्हणाला.

"झोपा तुम्ही!" दोघी एकदम ओरडल्या.

साडेबारा वाजले की धाकटी दार उघडून म्हणायची, "जा, मर आता." वहिनी पडायची. पहिल्या आठवड्यात दोन तास लागले डोळा लागायला. मग एक. मग पाऊण. धाकटी रोज वहीत डाव्या हातानं नोंद करायची, अक्षर वेडंवाकडं, कोंबडीनं पाय दिल्यासारखं. नर्सनं फोनवर वही वाचून घेतली आणि झोपेचा पाव तास वाढवून दिला. पाव तास! एखादं राज्य मिळावं तशी वहिनी घरभर मिरवली.

आणि सहाव्या आठवड्यातल्या एका पहाटे ती उठली तेव्हा बाहेर फटफटलं होतं. मधे जाग नाही, वाफ नाही, चाचपणं नाही. सलग झोपली होती ती. अंगात हलकं हलकं वाटत होतं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून ती बाहेरच्या खोलीत धावली.

धाकटी खुर्चीत बसली होती. दिवा चालू, अंगावर कालचेच कपडे, उजवा हात पोटाशी घट्ट धरलेला. डोळे टक्क उघडे.

"एवढ्या लवकर उठलीस?" वहिनीनं विचारलं.

"उठायला आधी झोपावं लागतं."

वहिनीला आधी कळलंच नाही. मग तिनं वही ओढली आणि मागची पानं उलटली. दोन दहा, उठली, पाणी प्यायली. तीन पाच, खुर्चीत बसली, पंधरा मिनिटं. पावणेचार, कूस बदलली. पहिल्या रात्रीपासूनच्या नोंदी. वहिनी रात्री खुर्चीत येऊन बसायची तेव्हा धाकटी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. रोज या नोंदी होत होत्या आणि त्या करतं कोण, कधी, हे वहिनीच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. दीड वर्ष स्वतः जागलेली बाई, आणि घरातलं दुसरं जागं माणूस तिला दिसलं नाही.

"किती दिवस?"

"डोळे मिटले की पातं खाली येतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मी ओरडते, हात. आणि तू 'हं' म्हणतेस."

वहिनीला त्या क्षणी काहीतरी फोडायचं होतं. पण घरात घड्याळच उरलेलं नव्हतं, धाकटीच्या मनगटावरचं सोडून. तिनं भिंतीवर मूठ हाणली, सुजऱ्या डाव्या हाताची, आणि कळ थेट खांद्यात गेली तरी आणखी एकदा हाणली. मग खाली बसून तिनं वहीचं नवं पान काढलं. वर लिहिलं, धाकटी. खाली लिहिलं, साडेबारा ते साडेपाच.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर धाकटी खुर्चीत टेकली आणि आठच्या आतच तिची मान कलंडली. तोंड थोडं उघडं पडलं. कपाळावरची आठी गेली आणि ती एकदम लहान पोरीसारखी दिसायला लागली. वहिनी समोर उभी राहून बघत होती. ही झोप म्हणजे काय चीज असते, ते जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक? असं झोपलेलं माणूस उठवायला काळीज दगडाचं लागतं. दोनदा तिला हात उचलवेना.

तिसऱ्यांदा उचलला. डोळे घट्ट मिटून घेतले आणि तिनं फाडकन मारली.

"उठ," वहिनी म्हणाली. डोळ्यांतलं पाणी गालांवर येऊ दिलं. "अजून साडेचार तास आहेत."

कागदावर लिहिता येणार नाही अशी एक शिवी धाकटीनं तिला दिली, आणि उठली.