चारशे चारचा परवाना

सोयराबाई घरात दोनच गोष्टींना डोळ्यांत तेल घालून जपायची: नवऱ्याला आणि नवऱ्याच्या चारशे चार बोअरच्या रायफलीला. त्यातही रायफलीचे लाड जरा जास्तच व्हायचे, हे बसवनगुडीतल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

देवाप्पा हौसेचा शिकारी नव्हता. एखादा हत्ती पिसाळला, माणसं मारू लागला आणि सरकारनं त्याला मारायचा हुकूम काढला, की देवाप्पाला बोलावणं यायचं. साध्या बारा बोअरच्या बंदुकीनं हत्ती मरत नाही, नुसता चिडतो. त्याला चारशे चारसारखी मोठ्या गोळीची रायफलच लागते. कॉफीच्या मळ्यावरचा गोरा साहेब सत्तेचाळीस साली मायदेशी जाताना आपली रायफल रीतसर देवाप्पाच्या नावावर करून गेला होता. तेव्हापासून सोळा वर्षं तीच त्याची भाकरी होती आणि तीच त्याची अब्रू.

दर खंडेनवमीला सोयराबाई ती रायफल पूजेला काढायची. चिंच आणि विटेची पूड घेऊन नळी, चाप, खटका, जिथं लोखंड दिसेल तिथं दोन दिवस घासत बसायची. मग पंचामृताची धार, मग हळदकुंकू. हत्यार झळकलं नाही तर देवीसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं, असं ती म्हणायची. निळसर काळं लोखंड हळूहळू पांढरं लख्ख झालं. असलं चकाकतं हत्यार जंगलात कामाचं नसतं, म्हणून देवाप्पा निघताना निमूटपणे नळीला काजळी फासायचा. बायकोला मात्र कधी चकार शब्द बोलला नाही.

त्रेसष्टच्या नोव्हेंबरात मळ्यावरून पत्र आलं. हत्तीनं तीन मजूर मारले होते. पंधरा दिवसांत ये, काम झालं की मळ्यावर राहायला घर आणि कायमची नोकरी, असं मॅनेजरनं लिहिलं होतं. देवाप्पाला साठावं लागलं होतं. असं बोलावणं पुन्हा येणार नव्हतं. अडचण एकच होती. हत्यारांचा नवा कायदा आला होता आणि परवान्याची मुदत संपत आली होती. आजवर कागदावर शिक्का मारून घेतला की काम व्हायचं. या वेळी रायफल दाखवायला आणा, असा हुकूम होता.

सोयराबाई हट्टानं बरोबर गेली आणि कचेरीतल्या बाकावर बसून राहिली. हयवदनराव नावाचे अधिकारी होते, माणूस सरळ. त्यांनी रायफल हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला, खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिली.

"देवाप्पा, हिचा नंबर कुठंय?"

"असेल की सर. स्वल्प, जरा नीट बघा."

"बघूनच विचारतोय. नंबर पुसलेलं हत्यार म्हणजे चोरीचं हत्यार, असं धरतात. कोणी घासला?"

दर वर्षी चिंच-विटेनं घासणारी आपलीच बोटं सोयराबाईला दिसली. ती उठलीच. देवाप्पानं मागे वळून तिच्याकडे असं काही पाहिलं, की ती परत खाली बसली.

"मीच घासला, सर," तो म्हणाला.

हयवदनरावांनी सुस्कारा सोडला. ते म्हणाले, "दुसरा एक नंबर दस्त्याच्या लाकडाखाली, नळीच्या पोटाला असतो. तो परवान्यावरच्या नंबराशी जुळला तर मी सही करतो. सरी? चालेल?"

त्यांनी चिकपेटच्या मागच्या गल्लीतून बंदुका दुरुस्त करणाऱ्या मल्लाप्पाला बोलावून घेतलं. तो येईपर्यंतचा तासभर सोयराबाईनं सगळ्या देवांना हाका मारल्या. देवाप्पानं ते लाकूड आयुष्यात उघडलं नव्हतं. एकदा काढलं की निशाणा पहिल्यासारखा राहत नाही, असं तो म्हणायचा. मल्लाप्पानं स्क्रू सोडवले, लाकूड अलगद उचललं आणि रायफल टेबलावर ठेवली. सोळा वर्षांचं पंचामृत आत झिरपलं होतं. नळीच्या पोटाला गंजाचे खड्डे पडले होते आणि नंबराच्या जागी एकही आकडा वाचता येत नव्हता.

रायफल कचेरीतच राहिली. देवाप्पानं मळ्याला कळवलं, तसं त्यांनी दुसरा माणूस बोलावला. महिन्यानं हुकूम आला. देवाप्पाला वाचता येत नव्हतं, सोयराबाईला यायचं. अर्जदारानं स्वतः नंबर घासल्याची कबुली दिली आहे. वय पाहून खटला भरलेला नाही. परवाना पुन्हा कधीही मिळणार नाही. हत्यार तोडून टाकावं. ती एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेली, आणि शेवटची ओळ वाचताना तिला रडू फुटलं.

"मी सांगते त्यांना जाऊन," ती म्हणाली. "पूजेसाठी घासलं म्हणून सांगते. बाईमाणसाला काय कळतं कायद्यातलं! मीच बुडवलं हो तुम्हाला."

"आता काही उपयोग नाही." देवाप्पा भिंतीला टेकून बसला होता. "आणि तू नाही बुडवलंस. मला दिसत होतं."

"काय दिसत होतं?"

"नंबर जात होता ते. पाचव्या-सहाव्या वर्षीच पहिला आकडा गेला. मग एकेक करून सगळेच. दर दसऱ्याला म्हणायचो, यंदा सांगू. पण तू इतक्या मनापासून घासायचीस, पदर खोचून, गाणं म्हणत. आपल्याला पोरबाळ नाही. तेवढे दोन दिवस तू हसताना दिसायचीस."

सोयराबाईला त्याची माया कळली, आणि त्या मायेचा भयंकर संतापही आला. आता कुठल्याच हुकमानं काही परत येणार नव्हतं.

"एकदा तरी ओरडायचं होतंत हो," ती म्हणाली. "एकदा हात धरून थांबवलं असतंत, तर चार दिवस रुसले असते. मेले नसते."