निमडीहच्या वळणावर

मित्रांनो, मी चुनारच्या खाणीतला एक जुना दगड आहे. माझ्या अंगावर चारच अक्षरं कोरलेली आहेत : निमडीह. ते माझ्या गावाचं नाव. वाराणसी शहर इथून नऊ किलोमीटरवर. गावातल्याच मोहन पाथरवटाने तीस वर्षांपूर्वी मला घडवलं. छिन्नीचे घाव सोसवत नव्हते. पण रस्त्याने जाणारी माणसं थांबून मला वाचू लागली, तेव्हा ते दुखणं विसरलो.

माझं गाव लहान. दीडशे घरं, वाटाण्याची आणि झेंडूची शेतं, एक शाळा. पहाटे फुलांच्या टोपल्या सायकलींवरून शहरात जातात आणि उन्हं चढली की रिकाम्या परत येतात. पुढे शहरातली माणसंही इथे राहायला आली. पंचगंगा घाटाजवळच्या गल्लीतलं भाड्याचं घर सोडून रत्नाकर पाळंदे आणि इंदूताई आले. रत्नाकर रेल्वेतून निवृत्त झालेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. कुणालाही पत्ता देताना ते माझी खूण सांगत. मला फार बरं वाटे.

मग रस्ता रुंद झाला. यंत्राने मला उपटलं आणि नाल्याच्या कडेला पालथं टाकलं. दोन वर्षं मी फक्त चिखल पाहिला. वळणावर एका नव्या वसाहतीची झगझगीत जाहिरात उभी राहिली. गावाचं नाव कुठेच उरलं नाही.

जानेवारीत एका सकाळी दाट धुकं पडलं होतं. पाळंद्यांची लेक इरावती बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका बोलावली, पण ड्रायव्हरला वळण सापडेना. तो पुढच्या गावापर्यंत जाऊन आला आणि फोनवर म्हणाला, "बाबूजी, निमडीह लिखा कहाँ है?"

इंदूताईंची लाल शाल घेऊन रत्नाकर रस्त्यावर धावले आणि धुक्यात ती हलवत उभे राहिले. मी त्यांच्या पायांपाशीच होतो, मित्रांनो, पण पालथा. तेवढी असहाय सकाळ माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

गाडी पाऊण तास उशिरा पोचली. इरावतीची मुलगी दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच जन्मली. मायलेकी सुखरूप राहिल्या.

बारसं आटोपल्यावर रत्नाकर थेट मोहनकडे गेले. मोहन आता म्हातारा झाला होता. दोघांनी शेतातली माणसं बोलावली, दोर लावला आणि मला नव्या रस्त्याच्या कडेला उभं केलं. मोहनने चिखल धुऊन काढला, झिजलेला 'डी' पुन्हा कोरला. मग बराच वेळ तो माझ्यावर हात ठेवून बसून राहिला.

यंदा गाव शहराच्या हद्दीत गेलं. एक कर्मचारी रंगाचा डबा घेऊन आला. नाव रंगाने बुजवून तिथे वॉर्डचा नंबर घालायचा, असं त्याला सांगितलेलं होतं. इंदूताई फाटकाबाहेर आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "नंबर नीचे लिखिए, भैया. नाम ऊपर रहने दीजिए."

तो जरा घुटमळला. मग गुडघे टेकून खाली बसला आणि नावाच्या खाली नंबर लिहून गेला.

मित्रांनो, शहरं वाढणारच. रस्ते रुंद करा, घरं बांधा. पण आपल्या गावाचं नाव सांगणारं जे काही वेशीवर उभं असेल, त्याला पालथं पडू देऊ नका. एखादा नवखा पाहुणा माझ्यापाशी गाडी हळू करतो, वाचतो, आणि कुणालाही न विचारता बरोबर आत वळतो. माझं तेवढ्यातच भागतं.