गुरुवारची केस

"वजनासाठी स्लीव्ह करून टाकू तुझं," कोपरापर्यंत फेस चोळत सर म्हणाले. "गुरुवारी, दुसरी केस. पाऊण तासात मोकळी होशील."

मी शेजारच्या नळाशी हात धूत होते. ऑपरेशनच्या आधी हात धुताना हातांकडेच बघायचं असतं, आणि तोंडाला मास्क असतो, म्हणून बरं. नाहीतर माझा चेहरा त्यांनी बघितला असता.

"सर, मला बायपास हवंय."

"बायपास?" ते हसले. "गुडघ्यांसाठी रोज दोन दोन गोळ्या गिळतेस. बायपासनंतर त्या बंद कराव्या लागतील. मग सहा सहा तास उभी कशी राहणार तू?"

"पण सर, छातीत जळजळ होते. तीन उशा घेऊन झोपते मी. बारा वर्षांची शुगर आहे. तुम्हीच तर पेशंटना सांगता, जळजळ असेल तर स्लीव्हनं वाढेल, बायपास करा म्हणून."

"अगं, ते पेशंटना सांगतो. तू काय पेशंट आहेस का?"

कोपरानं नळ बंद करून, हात वर धरून ते आत गेले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

गेली बावीस वर्षं मी थिएटरमध्ये सिस्टर आहे. त्यातली नऊ वर्षं सरांच्या टेबलाशी, वजन कमी करायच्या ऑपरेशनांना. सर हात पुढे करतात आणि हवं ते हत्यार त्यांच्या हातात असतं. मागावं लागत नाही. मला सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. हुद्द्यानं मोठी की घेरानं, हे मी कधी कोणाला विचारलेलं नाही.

दोन्ही ऑपरेशनं मला डोळे मिटून सांगता येतील. स्लीव्हमध्ये पोट उभं कापतात, पाचातले चार हिस्से काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. काढलेलं परत येत नाही. बायपासमध्ये पोटाचा लिंबाएवढा भाग वेगळा करून त्याला खालचं आतडं आणून जोडतात. बाकीचं पोट आतच राहतं, पण अन्नाची वाट बदलते. त्यानंतर जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायच्या, दुखण्याच्या गोळ्या विसरायच्या, आणि गोड भराभर खाल्लं तर घाम फुटून छाती धडधडते ती वेगळीच. दोन्हींत सुख नाही. तीन आठवडे मी रोज विचार केला. चाळीस किलो उतरले तर गुडघे कदाचित गप्प बसतील, पण घशाशी येणारं ते आंबट पाणी स्लीव्हनंतर माझा पिच्छा सोडणार नाही, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी बायपास ठरवलं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "साहेब फुकट करतायत ना? मग ते म्हणतील ते कर. धर्माची गाय, तिचे दात काय मोजतेस?" नणंद म्हणाली, "वहिनी, तोंडाला कुलूप लावा, दोन्ही ऑपरेशनं वाचतील." आणि स्वतःच खो खो हसली. मीही हसले. लठ्ठ माणसानं हसायचं असतं. तेवढं एक काम मी लहानपणापासून चोख करत आलेय.

त्या दिवशीची पहिली केस बायपासची होती. शिवणाचे वर्ग चालवणारी बाई, चाळिशीची, हसऱ्या तोंडाची. ती चालत थिएटरमध्ये आली आणि टेबलावर चढताना आमच्या मामांच्या खांद्याचा आधार घेऊन म्हणाली, "सांभाळा हं, तुम्हीच दबाल." मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय. पेशंट उचलायचं, हलवायचं काम त्यांचं. ते अदबीनं म्हणाले, "काय ताई, असं काही नाही."

ती आडवी झाली आणि तिनं मला खुणेनं बोलावलं.

"तुम्ही रोज बघता म्हणून विचारते. बायपास निवडलं ते चुकलं नाही ना माझं?"

"नाही चुकलं."

"सरांनी पाऊण तास समजावलं हो. दोनदा बोलावलं. चित्रं काढून दाखवली. म्हणाले, घाई करू नका, घरच्यांचं ऐकू नका, शरीर तुमचं आहे, निर्णय तुमचा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजवर असं कोणी म्हणालंच नव्हतं मला."

धुतलेले हात तसेच वर धरून मी डोळ्यांनीच तिला धीर दिला. दुसरं काय करणार होते? तिला दोनदा पाऊण तास आणि मला हात धुता धुता दोन वाक्यं. तिचा मला राग आला नाही. ज्याचा आला तो माणूस चार पावलांवर गाऊनची नाडी बांधून घेत गुणगुणत होता.

भूलवाल्या मॅडमनी इंजेक्शन दिलं. तिचे डोळे मिटले. नळी घातली गेली, चिकटपट्टी लागली. आणि मग नेहमीचं सुरू झालं.

हे बाहेर कोणाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. पेशंट झोपला की आमच्याकडे त्याच्या वजनाचा अंदाज करतात. फाइल मिटून ठेवायची, प्रत्येकानं आकडा सांगायचा, मग फाइल उघडायची. ज्याचा आकडा सगळ्यांत लांब, त्यानं चहा पाजायचा. कोणी सुरू केलं आठवत नाही. नऊ वर्षं चाललंय.

"एकशे चौतीस," मामा म्हणाले. मघाचे 'काय ताई, असं काही नाही' म्हणणारे हेच मामा. "उचलताना कळतं ना राव. माझ्या कमरेला विचारा."

"एकशे बावीस," चिमणी म्हणाली. चिमणी म्हणजे आमची दुसरी सिस्टर. अंगानं पाप्याचं पितर, म्हणून चिमणी. त्या नावानं ती खूश असते. बारीक माणसाला नाव ठेवलं की ते लाडाचं होतं.

"एकशे सव्वीस," सर म्हणाले. "मोठ्या सिस्टर, तुझा आकडा? हिच्यापुढे आपलं काही चालत नाही म्हणा. मागच्या महिन्यात एका किलोनं चुकली फक्त."

खरं होतं ते. सगळ्यांत जास्त वेळा मीच जिंकलेय. पेशंट दारातून आत येताना मी त्याच्या दंडाकडे बघते, मानेकडे बघते, आणि आकडा माझ्या डोक्यात येतो. आयाबाया, पोरीबाळी, एक मास्तर, एक आंधळे गृहस्थ. सगळ्यांचा आकडा मी सांगितलेला आहे आणि त्यावर चहा प्यायलेला आहे. तेव्हा कोणावर चिडायचं असेल तर आरशापासून सुरुवात करायला हवी होती. त्या दिवशी ती झाली. तळपायाची आग मस्तकात गेली ती आधी स्वतःवरच.

गुरुवारी, दुसरी केस. मी इथेच असणार होते, तोंडात नळी, डोळ्यांवर पट्टी. मामा कमरेला हात लावून आकडा सांगणार होते.

"मी नाही खेळत," मी म्हणाले.

"का गं? मूड नाही?" सर म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता मॅडमकडे वळले. "गुरुवारी हिचं स्लीव्ह घेतोय, कळलं ना?"

मॅडमनी मशीनवरून मान वर केली. "स्लीव्ह? तिला जळजळीचा त्रास आहे ना? गेल्या वर्षी दुर्बिणीतून बघितलं तेव्हा सूज होती चांगली."

"आहे हो. बायपासच करायला हवं खरं तर. पण बायपासला मला हीच लागते. ही आडवी झाली तर आतडं जोडायचे स्टेपलर कोण भरून देणार? चिमणी? चिमणीला अजून स्लीव्हच जमतं." त्यांनी माझ्याकडे प्रेमानं बघितलं. "हिच्यासारखी दुसरी आहे का आख्ख्या हॉस्पिटलमध्ये? ही नसेल तर बायपास करायचं धाडसच होत नाही मला."

सगळे हसले. चिमणीही हसली.

आणि हे कौतुक होतं, बरं का. नऊ वर्षांतलं सगळ्यांत मोठं कौतुक. मी चांगली होते म्हणून मला वाईट ऑपरेशन. मी घाणेरडं काम केलं असतं, चार वेळा चुकीचं हत्यार दिलं असतं, तर आज मला बायपास मिळालं असतं. गुडघ्यांचं निमित्त होतं. माझ्या घशातल्या सुजेबद्दल त्यांना ठाऊक होतं आणि ती त्यांनी आपल्या सोयीखाली दडपली होती. मला वाटलं, ट्रॉली उलटी करावी. सगळी हत्यारं खणखणत फरशीवर पडू द्यावीत.

पण पेशंट झोपलेली होती. तिचं काय चुकलं होतं? मी हिरवी चादर पसरायला लागले.

कापायच्या आधी आमच्याकडे एक मिनिट थांबतात. चिमणी कागद हातात घेऊन पेशंटचं नाव, वय, ऑपरेशन मोठ्यानं वाचते, आणि प्रत्येकानं बरोबर म्हणायचं. या वेळी खोलीतल्या कोणालाही, अगदी फरशी पुसणारीलाही, काम थांबवायचा अधिकार असतो. तशी पाटी भिंतीवर आहे. आजवर कोणी थांबवलेलं मी तरी बघितलं नव्हतं.

चिमणीनं नाव वाचलं. बायपास म्हणाली. "बरोबर," मॅडम म्हणाल्या. "बरोबर, बरोबर," सर म्हणाले आणि हात पुढे केला.

ब्लेड आम्ही हातात देत नाही, ट्रेमध्ये ठेवून पुढे करतो. ट्रे माझ्या हातात होता. मशीनवरचे आकडे मी आधी बघून घेतले. सगळं ठीक होतं.

"थांबा," मी म्हणाले.

सरांचा हात तसाच राहिला. "काय झालं? काही कमी आहे?"

"एकशे अठरा."

"काय?"

"माझं वजन. एकशे अठरा किलो. सकाळीच केलंय. गुरुवारी अंदाज करायचे कष्ट नकोत. मामा, तुम्हाला सांगते, चिमणे, तुलाही. एकशे अठरा."

मामा भिंतीला टेकले होते, ते सरळ झाले. चिमणीनं हातातला कागद छातीशी धरला.

"आणि ही बाई शिवण शिकवते," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. तो मला आवडला नाही, पण थांबले नाही. "तिला वाटतंय, आपल्याला इथे माणसासारखं वागवलं. जागी होती तोवर वागवलंच म्हणा. आजपासून माझ्या टेबलावर झोपलेल्या माणसाचा आकडा निघाला तर मी त्या टेबलाशी उभी राहणार नाही. मी स्वतः नऊ वर्षं सांगितलाय, मला लाज वाटते. एवढंच."

"झालं का तुझं?" सर थंडपणे म्हणाले.

"झालं."

मी ट्रे पुढे केला. ऑपरेशन दोन तास चाललं. मी एकही हत्यार द्यायला चुकले नाही, एकही स्टेपलर उशिरा भरला नाही. राग हातांत उतरू द्यायचा नसतो. तो मी पायांत ठेवला, आणि गुडघे मरणाचे दुखले.

शेवटची पट्टी लावल्यावर सर हातमोजे काढत म्हणाले, "सगळ्यांसमोर तमाशा करायची गरज नव्हती. मला येऊन सांगायचं होतंस."

"बायपासचं सांगितलं होतं सकाळी नळाशी, सर."

ते निघून गेले.

ड्यूटी संपल्यावर मी थिएटरचे कपडे उतरवले, साडी नेसले आणि खाली बाह्यरुग्ण विभागात गेले. केसपेपरच्या खिडकीतले काका मला ओळखतात.

"कोणाचा काढायचाय, सिस्टर?"

"माझा."

"तुम्हाला कशाला केसपेपर? सर आतच आहेत, जा की सरळ."

"नाही. नंबर द्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, नाव लिहिलं, वय विचारलं आणि चौदा नंबर दिला. आत सातवा चालला होता. तिथल्या खुर्च्यांना दोन्ही बाजूंनी हात आहेत, आणि त्या इतक्या अरुंद आहेत की वजनासाठी आलेल्यांतले निम्मे त्यांत मावत नाहीत. पाच-सहा जण भिंतीला टेकून उभे होते. नऊ वर्षं मी वरच्या मजल्यावर होते, हे मला ठाऊकच नव्हतं. मीही उभी राहिले. शेजारच्या बाईनं विचारलं, "पहिल्यांदाच आलात?" मी हो म्हणाले.

तासाभरानं चौदा नंबर पुकारला. मी आत गेले. सरांनी वर न बघता केसपेपर घेतला, नाव वाचलं आणि मग बघितलं. पेन टेबलावर ठेवलं.

"हे काय नवीन?"

"दोन्ही ऑपरेशनं समजावून घ्यायची आहेत," मी बसत म्हणाले. "स्लीव्ह आणि बायपास. फायदे, तोटे, सगळे. मग मी माझं सांगेन."

"तुला? तुला ठाऊक नाही असं काय आहे त्यात?"

"मला कोणी सांगितलेलं नाही."

त्यांनी दाराकडे बघितलं. मी उठेन असं त्यांना वाटलं असावं. मी उठले नाही. शेवटी त्यांनी खण उघडला, त्यातून पोटाचं प्लास्टिकचं मॉडेल काढलं, दोन भाग वेगळे केले आणि घसा साफ केला.

"हे आपलं जठर," ते म्हणाले.

मी पुढे वाकून नीट बघितलं. बाहेर अजून माणसं उभी होती. त्यांनाही एवढाच वेळ मिळायला हवा, असं मला वाटलं, पण माझा मी सोडणार नव्हते. जळजळीबद्दल ते भराभर बोलायला लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.