नावातलं शेवटचं अक्षर

आसिफ नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायचा. घरी स्वतःचा कॉम्प्युटर असला तर बाहेरची कामंही घेता येतील, हे बरेच दिवस त्याच्या डोक्यात होतं. एका वर्कशॉपवाल्यानं काम देऊही केलं. खर्च जपून करायचा होता, म्हणून तो चुलतभाऊ अमजदकडे गेला. अमजदचं शहरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"स्वस्तातला, पण दमदार प्रोसेसर सांग भाई."

अमजदनं मोबाईलवर दोन दाखवले. नाव तेच, वेग तोच. फक्त एकाच्या नावाच्या शेवटी 'एफ' होतं आणि तो बराच स्वस्त होता.

"हा घे. उगाच पैसे कशाला घालवतोस?"

"पण फरक काय दोघांत?"

"तुझ्या कामाला काहीच नाही."

फरक होता. एफवाल्यात पडद्यावर चित्र पाठवणारा भागच नसतो. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं. अमजद हे गिऱ्हाइकांना रोज समजावायचा. आसिफला त्यानं सांगितलं नाही. आसिफच्या बायकोला, मेहविशला, आधी अमजदनंच मागणी घातली होती. 'स्क्रू पिळणाऱ्याला मुलगी देत नाही,' असं तिच्या वडिलांनी कळवलं आणि वर्षभरात आसिफला होकार दिला. त्या लग्नात अमजद हसतमुखानं पंगतीत वाढत होता.

"बाकीचे सुटे भाग आणून जोडणी पण तूच कर, व्हिडिओ बघून," तो म्हणाला. "शिकशील."

रविवारी आसिफनं सगळं जोडलं. त्याचे वडील दाऊद समोर खुर्ची टाकून बसले होते. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात त्यांची उभी हयात फिटर म्हणून गेली होती. आसिफनं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच राहिला.

त्यानं अमजदला फोन लावला.

"प्रोसेसर नीट बसला नसेल," अमजद म्हणाला. "काढ आणि परत बसव."

आसिफनं काढून बसवला. पडदा काळाच. परत फोन.

"अजून नाही? पुन्हा काढ. पुसून घे. घाबरतोस काय, हात सैल सोड."

आता आसिफच्या बोटांना घाम सुटला होता. प्रोसेसर चिमटीतून निसटला आणि बोर्डावरच्या खाचेत तिरका पडला. तिथल्या केसाएवढ्या पिना वाकल्या. सुईनं सरळ करायला गेला, तर एक तुटलीच. मग पंखाही फिरेना.

"कारखान्यात बी असंच करतो का रं?" दाऊद म्हणाले. "हातच न्हाईत तुला. लेकाला शिकवलं, ते वाया गेलं."

आसिफ खाली मान घालून खोकी गोळा करू लागला. मेहविशनं त्यातल्या एका खोक्यावरचं नाव मोबाईलवर शोधलं. 'वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं,' असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच अमजदच्या दुकानात गेली.

"तुम्हाला माहीत होतं."

अमजदनं हातातला पेचकस खाली ठेवला नाही. "त्यानं स्वस्त मागितला, मी स्वस्त सांगितला."

"आणि परत परत काढायला लावलात, ते?"

"ते बघायचं होतं," तो शांतपणे म्हणाला. "तुझ्या वडिलांनी निवडलेला हात कसा चालतो ते."

घरी येऊन तिनं आसिफला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण तिच्याकडे बघत नव्हता.

"कार्डाचं भाई विसरला असेल. पिना तर मीच वाकवल्या ना?"

"विसरला नाही. तोंडावर सांगितलं त्यानं मला."

"तू त्याच्या दुकानात गेली होतीस? कुणाला विचारून?"

दारात दाऊद उभे होते. त्यांनीही तेच विचारलं, आवाज चढवून. प्रोसेसरचा विषय तिथंच संपला.

वर्कशॉपवाल्यानं काम दुसऱ्याला दिलं. पुढच्या आठवड्यात अमजद स्वतः दुकानातला एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला. त्यानं तारा जोडल्या, बटण दाबलं आणि पडदा उजळला.

"बघ," दाऊद आसिफला म्हणाले, "हात असा पायजे. घरातलाच मानूस शेवटी कामाला येतो."

मेहविशला चहा आणायला सांगितलं गेलं. तिनं कप समोर ठेवला तेव्हा अमजद आसिफकडे वळून म्हणाला, "बायकोकडून शिकून घे जरा. प्रोसेसरमधलं लई कळायला लागलंय तिला."

दाऊद मोठ्यानं हसले. आसिफ जरा उशिरा हसला, पण हसला.