डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत

मी एक माकडीण बोलतेय. प्राणिसंग्रहालयातल्या माझ्या काचेवर पाटी आहे, 'शूर माकडीण'. ती वाचून तुम्ही आला असाल तर आधीच सांगते, त्यातला पहिला शब्द खोटा आहे.

मी जन्माची भित्री. अंगावर पीत होते तेव्हाच आई गेली. कळपातल्या मोठ्या नराने माझं शेपूट चावून अर्धं केलं, तेव्हापासून मला वेगळ्या खोलीत ठेवलं. छतावर कावळा उतरला तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं. मला वाढवलं आमच्या रखवालदाराने. सगळे त्याला काका म्हणतात. तो बाटलीने दूध पाजायचा आणि मी त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसलं की हसायचा. "अगं भित्रे, तो कावळाच तुला घाबरून उडाला बघ!"

दोन गोष्टींचं भय सगळ्यात जास्त. एक पाणी, दुसरी डॉक्टरीणबाई. काका रोज सकाळी नळीने फरशी धुवायचा, तेव्हा मी वरच्या फळीवर डोळे मिटून बसायचे. आणि बाईंचा औषधी वास लांबून आला तरी मला सुई आठवायची.

एका सकाळी नळी सुरू असतानाच काका कोसळला. पालथा. मोरीत गवत अडकलेलं, पाणी तुंबत चाललं, त्याच्या गालापर्यंत आलं. मी किंचाळले. एरवी मी किंचाळले की तो वर बघतो. त्या दिवशी बघितलं नाही. आसपास कुणी नव्हतं, सगळे चहाला गेलेले.

दार उघडंच होतं. त्यातून मी कधीच बाहेर गेले नव्हते. पाण्यात पाय टाकला, अंगावर सरसरून काटा आला, आणि पळत सुटले. बाहेर आभाळ केवढं मोठं! धरायला फांदी नाही, लपायला कोपरा नाही. एका ओळखीच्या वासामागे धावत गेले आणि बघते तर समोर, दवाखान्याच्या दारात, डॉक्टरीणबाई.

"अगं बाई, ही सुटली कशी?" म्हणत त्यांनी जाळं उचललं. मी जीव मुठीत धरून आल्या वाटेने परत पळाले. त्या माझ्यामागे. मी फळीवर, त्या दारात.

"काका! अहो काका!" जाळं टाकून त्यांनी त्याचं तोंड पाण्याबाहेर ओढलं.

लोक म्हणतात, मी मदत आणायला गेले होते. खरं सांगू? मलाच माहीत नाही. जाताना मनात काका होता. परतताना नुसतं जाळं होतं.

मग पाटी लागली, फोटो छापून आले, गर्दी लोटली. "हीच का ती? एवढीशी?" "ए शूरवीर, इकडे बघ की!" टक टक टक. काचेवरच्या प्रत्येक टकटकीला मी दचकायचे. माझं खाणं सुटलं. हातावरचे केस मीच उपटून टाकले.

काका तीन महिन्यांनी आला. पाय ओढत, काठी टेकत. पण उंबऱ्याशीच थांबला आणि घामाने डबडबला.

"नाही जमत, मॅडम," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "ओली फरशी बघितली की छातीत धडधडतं. दुसरं कुणी बघा."

"बघू हो. आज नुसते बसा."

तो उंबऱ्यावर बसला. त्याचा हात थरथरत होता. ते थरथरणं माझ्या चांगल्या ओळखीचं. मी फळीवरून उतरले, बाई शेजारी उभ्या असताना उतरले, आणि त्याचं बोट धरून बसले. माझंही अंग कापत होतं.

"आता तूच सांभाळ गं मला," तो म्हणाला.

आता फरशी दुसरं कुणी धुतं. काका तुमच्या बाजूला, काचेसमोर स्टूल टाकून बसतो. कुणी काच वाजवायला हात उचलला की सांगतो, "हळू. ती घाबरते. मीही घाबरतो."

तेव्हा तुम्ही आलात तर काच वाजवू नका. जरा थांबा. मला पुढे यायला वेळ लागतो, पण मी येते.